बाहेरचं विरजण

१

आमच्या घरात हजेरी लागते. सासरे लालासाहेब, म्हणजे आमचे आबा, लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, पण हजेरी निवृत्त झाली नाही. ती त्यांच्याबरोबर ट्रंकेतून उंब्रजला आली. लग्न होऊन मी आले तेव्हा सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, चपलांच्या रॅकवर एक फळा टांगलेला होता. बाहेर जाताना आपल्या नावापुढे फुली मारायची, परत आल्यावर पुसायची. सासूबाई ती पदरानंच पुसत. त्यांच्या सगळ्या साड्यांच्या पदराला खडू.

नव्या सुनेनं सासरी काहीतरी करून दाखवायचं असतं. मला पोळी गोल लाटता येत नाही. मी मलकापूरच्या एका लहानशा कंपनीसाठी वरच्या खोलीत बसून वेबसाइट बनवते, म्हणून मी हजेरीचं पान करून दाखवलं. जयराजचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, जुना टॅब फळ्याच्या खिळ्याला अडकवला. नावावर बोट ठेवायचं, ‘आलो/आले’ किंवा ‘गेलो/गेले’ दाबायचं, टिंग असा आवाज होतो. पान आपापल्या फोनवरही उघडतं. ‘आबा — आत्ताच आले.’ सासूबाईंचं, ‘अंबूबाई — थोड्या वेळापूर्वी गेल्या.’ आबांनी पहिल्यांदा वाचलं आणि चक्क सॅल्यूट ठोकला, मला की टॅबला ते कळलं नाही.

“आन् हे ‘आत्ताच’, ‘मगाशी’ असलं समदं तूच लिवलंस व्हय गं?” सासूबाईंनी विचारलं.

नव्हतं लिहिलं. घड्याळाचे आकडे माणसासारखे बोलून दाखवायचं काम करणारी लायब्ररी आयती मिळते, दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेली. आपण आपल्या पानात एक ओळ टाकायची, की अमुक नावाची लायब्ररी अमुक ठिकाणाहून आण. पान उघडलं की ती येते आणि आपल्या घरातलीच असल्यासारखी वावरते. हे मी त्यांना जमेल तसं सांगितलं.

“म्हंजी इरजाण म्हण की,” त्या म्हणाल्या. “आपलं दही बिघडलं की मी न्हाई का मनुबाईकडनं चमचाभर आणत?”

मी म्हटलं, अगदी तसंच. चमचाभर बाहेरचं, आणि सगळं पातेलं त्याच्या वळणावर जातं.

“मग बघून आणावं गं माणसानं. कुणाच्या घरचं हाय, भांडं कसलं हाय.”

मी हसले. मी बघितलं नव्हतं. माझ्या ओळीत लिहिलं होतं ‘लेटेस्ट’. म्हणजे त्या नावानं जे काही सगळ्यात नवीन असेल, ते आण.

आणखी एक सांगायला हवं. जिन्यात एक शहाबादी फरशी सुटलेली आहे. पाय पडला की खट्‌ वाजते. मी बोलते हळू, चालते त्याहून हळू. आबा म्हणतात, सूनबाईची हजेरी टॅब लावत नाही, फरशी लावते.

२

माझं माहेरचं नाव रेश्मा. लग्नात ताटातल्या तांदळावर जयराजनं अंगठीनं ‘संयोगिता’ असं लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि तांदूळ डब्यात परत गेले. पुढच्या आठवड्यात त्याचा भात झाला असणार. मी खाल्लाही असेल. नाव बदलल्याचं मला फार दुःख नव्हतं. फक्त एकच प्रश्न पडला होता आणि तो मी कुणाला विचारला नाही: जुन्या नावाचं पुढे काय होतं? ते कुठं ठेवतात?

त्याच दिवशी उंबऱ्यात उखाणा घ्यायचा होता. सांगलीहून पाठ करून आणला होता. ‘कराडच्या घाटावर कृष्णेला भेटते कोयना, जयराजरावांचं नाव घेते, त्यांच्यावाचून मन राहीना.’ समोर सगळी भावकी उभी. पहिली ओळ आली, जयराजरावांचं नाव आलं, आणि मग डोकं कोरं झालं. मी म्हणाले, “जयराजरावांचं नाव घेते... पुढचं काही येईना.”

यमक मात्र जुळलं होतं. अख्खा सोपा हसला. तेव्हापासून या घरात काही अडलं, गाडी सुरू झाली नाही, लाईट गेली, कुकरची शिट्टी झाली नाही, की कुणीतरी म्हणतंच, “पुढचं काही येईना.” ते बाहेर कुणाला कळत नाही. ते आमचं आहे. मला वाटतं, त्या चुकीमुळेच मी या घरात मुरले. उखाणा धड आला असता तर नुसती पाहुणीच राहिले असते.

३

श्रावण लागायच्या सुमारास एका सकाळी चहाचा कप घेऊन मी टॅबपुढे उभी होते. चार नावं, चार ओळी. त्यांच्या खाली पाचवी.

‘रेश्मा — थोड्या दिवसांत येईल.’

आधी मला हसूच आलं. पान तयार करताना खोटी नावं टाकून तपासावं लागतं. सवयीनं मी तेव्हा आपलंच जुनं नाव टाकलं असणार आणि पुसायचं राहिलं असणार. वर जाऊन साठवलेली माहिती उघडली. तिथं चारच नावं होती. रेश्मा कुठंच नव्हती.

आणि ‘येईल’? त्या लायब्ररीत पुढच्या काळाचेही शब्द असतात, खरं आहे. पण माझ्या पानाला आलो आणि गेलो एवढंच कळतं. हजेरीला भविष्यकाळ नसतो. येणार आहे म्हणून कुणी आज ‘प्रेझेंट’ लावून घेत नाही. आबांच्या राज्यात तर नाहीच.

जयराज कारखान्यात केमिस्ट आहे. पाळी संपवून आला तेव्हा विचारलं, “अहो, पानावर माझं जुनं नाव तुम्ही टाकलंत?”

“मला ते पान उघडता येतं, हेच माझं शिक्षण.”

“खरं सांगा. थट्टा केलीत ना?”

“थट्टा करायची असती तर नावापुढे ‘पुढचं काही येईना’ लिहिलं असतं.” त्यानं बूट काढले, ओळ वाचली. “रेश्मा येणार होय? येऊ दे की. मला दोघी चालतील.”

त्यानं हे इतकं सहज म्हटलं, की मीही हसले. मग जेवताना ते पुन्हा आठवलं आणि घास जरा वेळ तोंडातच राहिला.

४

मला कोडी सोडवल्याशिवाय राहवत नाही. कामातून वेळ काढून मी त्या लायब्ररीचं मूळ शोधलं. परमुलखातल्या कुणी एकानं ती लिहिली होती, हौसेनं सांभाळली होती, मग कंटाळून सोडून दिली होती. नाव मोकळं पडलं. मोकळं पडलेलं नाव दुसऱ्या कुणी उचललं. आमच्या धंद्यात असं होतं. ओळीतलं नाव तेच राहतं, आणणारे आणत राहतात. नावामागे आता कोण बसलंय ते कुणी बघायला जात नाही.

नव्या धन्याच्या नावाच्या जागी काहीच नव्हतं. चित्राच्या जागी एक करडं वर्तुळ. त्यानं, किंवा तिनं, एकच फाइल बदलली होती: मराठी शब्दांची. ‘येत आहे’च्या जागी ‘येतीया’. ‘निघाली आहे’च्या जागी ‘निघालीया’. ‘पोहोचेल’च्या जागी ‘पोचतीया’. सगळ्या जगासाठी असलेल्या लायब्ररीत सासूबाईंच्या तोंडचे शब्द. आणि सगळी रूपं बाईमाणसाची.

कंपनीतल्या अंकिताला फोन लावला.

“अगं, असेल तुमच्या उंब्रजचंच कुणीतरी,” ती म्हणाली. “साताऱ्याची पोरं काय कमी आहेत का कोड लिहिणारी? पण तू एक सांग, ‘लेटेस्ट’ लावलं होतंस?”

“घरचंच पान होतं गं,” मी म्हणाले.

“संयोगिता! क्लायंटच्या साइटला लावलं असतंस तर सरांनी उलटं टांगलं असतं तुला. जुनं व्हर्जन पकड आणि ठसा लाव.”

ठसा म्हणजे फाइलची ओळख. तिच्या अक्षरा-अक्षरावरून एक लांबलचक आकडा निघतो. तो आपल्या ओळीत लिहून ठेवला, की येणारी फाइल एका अक्षरानं जरी वेगळी असली तरी ब्राउझर तिला दारातच अडवतो. नाव तेच आहे म्हणून आत घेत नाही.

मी जुन्या फाइलचा ठसा लावला आणि मुद्दाम ओळीतलं ‘लेटेस्ट’ तसंच ठेवलं. बघू तरी अडवतोय का. अडवलं. लाल अक्षरात नकार आला, लायब्ररी बाहेर राहिली, आणि पानावरचे सगळे शब्द गळून नुसते घड्याळाचे आकडे उरले. आबा, अंबूबाई, जयराज, मी, सगळ्यांपुढे आकडे.

खालची एक ओळ सोडून.

‘रेश्मा — निघालीया.’

लायब्ररी आतच आलेली नव्हती. मग हे कोण बोलत होतं?

टॅबनं जुनी प्रत धरून ठेवली असेल, मी म्हटलं. साठवलेलं सगळं पुसलं. टॅब बंद करून चालू केला. फोनवर बघितलं. तेच. मला भ्यायला हवं होतं. मी खुर्ची आणखी पुढे ओढली.

दुपारी आबा खालून ओरडले, “सूनबाई, हे काय कोडवर्ड लावलंय? शत्रूला कळू नये म्हणून व्हय?” म्हणून ती बाहेरची ओळ मी काढूनच टाकली आणि ‘आत्ताच’, ‘मगाशी’, ‘काल’ असे लागणारे शब्द आपल्या हातानं लिहिले. आता पानात बाहेरचं काहीही नव्हतं. अक्षर न्‌ अक्षर माझं होतं.

पाचवी ओळ जागची हलली नाही.

५

मनुबाई शेजारच्या. विरजणाची वाटी घेऊन आल्या की अर्धा तास बसल्याशिवाय वाटी खाली ठेवत नाहीत. मी जिन्यावरून उतरताना फरशी वाजली तशी त्यांनी मान वळवली.

“काय गं, लय शिष्ट झालीस? काल कराडच्या स्टँडावर इतक्या हाका मारल्या, वळली न्हाईस.”

“मी काल घरीच होते, मावशी.”

“मला सांगतीस? सांगलीच्या गाडीतनं उतरलीस की. ड्रेस घातलेला. म्या म्हनलं, संयोगिता, आगं ए संयोगिता! तुझं ध्यानच न्हाई. जसं काय नावच तुझं न्हवं.”

“मनुबाई, आदी चष्मा बदल,” सासूबाई म्हणाल्या. “ती कालधरनं वर कंपुटरला चिकाटलीया. जेवायला बी धरून आणावं लागतंय.”

“चष्म्यानं मानूस बदालतंय व्हय?” मनुबाई चिडल्या. “हीच हुती. हितनं असा केस मागं सारला.” आणि त्यांनी उजव्या हाताच्या करंगळीनं कानामागे केस सारून दाखवला.

मी तसाच सारते. मला ते त्याच क्षणी कळलं, कारण माझा हात कानापाशीच होता.

रात्रीसाठी दूध कोमट झालं होतं. सासूबाईंनी मनुबाईंच्या वाटीतला एक चमचा त्यात सोडला आणि झाकण ठेवलं. मी बराच वेळ त्या झाकणाकडे बघत उभी राहिले. आत आवाज नसतो, हालचाल नसते. सकाळी उघडून बघायचं, एवढंच आपल्या हातात.

६

लग्नानंतरची पहिली पंचमी माहेरी. मला सख्खा भाऊ नाही, म्हणून मुराळी म्हणून चुलत भाऊ भाऊसो मोटारसायकल घेऊन न्यायला आला.

“तायडे, आवर. काकूनं दिंडं उकडायला ठेवल्यात. गार झाली तर माझ्या नावानं बोंब मारील.”

मला जायचं होतं आणि पाय निघत नव्हता. टॅबपुढे जाऊन ‘गेले’ दाबलं. ‘संयोगिता — आत्ताच गेली.’ खाली ‘रेश्मा — येतीया.’ दोन्ही ओळी एकाखाली एक. एक जागा रिकामी होतेय आणि एक जण वाटेत आहे, हे इतकं स्वच्छ लिहिलेलं मी याआधी वाचलं नव्हतं.

“चार दिस निवांत ऱ्हा,” सासूबाईंनी कपाळाला कुंकू लावलं. “पर परत येशील तवा उंबऱ्यात नाव घ्यायचं. नाव घेतल्याबिगर आत घेणार न्हाई, सांगून ठेवते.”

“पुढचं काही येईना,” भाऊसो म्हणाला. इथवर पोचलं होतं ते.

सांगलीत पाऊस रिमझिमत होता. विश्रामबागेतलं घर तसंच. मी आल्या आल्या पलंगाखाली वाकून माझ्या जुन्या चपला शोधल्या. कॉलेजच्या, तपकिरी, डावीचा अंगठा तुटला होता आणि मी तो निळ्या दोऱ्यानं शिवला होता. घरात वावरायला मला त्याच लागतात.

“मम्मी, माझ्या जुन्या चपला?”

“मागच्या खेपेला तूच नाही का घालून गेलीस?”

“कुठल्या मागच्या खेपेला?”

मम्मी दिंडांचं झाकण उघडत होती. वाफेआडून म्हणाली, “अगं, गेल्या आठवड्यात. कराडला कामासाठी चाललेय म्हणालीस, उभ्या-उभ्याच गेलीस, चहासुद्धा घेतला नाहीस. पायात जोडवी नाहीत म्हणून मी बोलले तुला, तेव्हा राग आला होता ना?”

मी खाली बघितलं. माझ्या पायात जोडवी होती. लग्नात घातल्यापासून काढलेली नव्हती.

“मी काय म्हणाले? जोडव्यांबद्दल.”

“म्हणालीस, अजून कुणी घातलीच नाहीत.” मम्मी हसली. “आता चार दिवस राहा आणि नीट जेव. त्या दिवशी कशी दिसत होतीस! लग्नाआधी होतीस तश्शी. बारीक.”

मी पुढे काही विचारलं नाही. विचारायचं खूप होतं. पण मम्मीला जे नवल वाटलं नव्हतं, ते नवल आहे असं तिला कुठल्या तोंडानं सांगणार? पंचमीचा दिवस फेरात आणि झोक्यावर गेला. मी गायले, हसले, आणि मनात एकच हिशेब घोळत होता. पान नाव बघतं, माणूस बघत नाही. घर तरी काय बघतं? चेहरा, आवाज, करंगळीनं मागे सारलेला केस. ती दारात उभी राहिली आणि मी आत नसले, तर तिला अडवणार कोण, आणि कशाच्या जोरावर? त्या घरात मला जेमतेम जागा झाली होती. जयराज पाळीवरून आला की आधी जिन्याकडे बघतो, हे मला नुकतंच कळलं होतं. ते बघणं मला दुसरीला द्यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर पान उघडलं.

‘रेश्मा — आज पोचतीया.’

मी पिशवी भरली.

“इतक्यात? कुणी बोलावलंय का?” मम्मीनं विचारलं.

“कुणी नाही,” मी म्हटलं. “मलाच पोचायचंय. आधी.”

७

कराडला गाडी बदलून उंब्रजला उतरले तेव्हा दुपार कलत होती. हायवेवर नेहमीचा घरघराट. घराला बाहेरून कडी होती. सासूबाई आणि आबा मळ्यात, जयराज कारखान्यात. मी परसातून, मागच्या दारानं आत गेले. किल्ली कोनाड्यात असते.

टॅबवर मी अजून गेलेलीच होते. ‘संयोगिता — काल गेली.’ तेव्हाच ‘आले’ दाबलं असतं तर? मी खूपदा हा विचार केला आहे. पण मला बघायचं होतं. घरात आहे हे तिला न कळता बघायचं होतं. माझं बोट ‘आले’च्या अगदी जवळ गेलं आणि मी ते मागे घेतलं.

वर जाताना जोडवी फरशीवर वाजू लागली. खोलीत जाऊन ती काढली आणि टेबलावर, कॉम्प्युटरशेजारी ठेवली. मग अनवाणी येऊन जिन्याच्या वळणावर बसले. सुटी फरशी माझ्या एक पायरी खाली होती. तिथून सोपा दिसत नाही. फक्त उंबरा दिसतो, आणि दारात उभ्या माणसाचे गुडघ्याखालचे पाय.

घर रिकामं असलं की किती आवाज करतं! फ्रिज थरथरून थांबला. मागच्या नळाचा एक थेंब. कुठंतरी पत्र्यावर कबुतराची नखं. मग पुढची कडी निघाली, सासूबाई आल्या, टिंग झालं, विळा कोपऱ्यात टेकवल्याचा आवाज आला. त्यांनी चूळ भरली. मी हाक मारणार होते. खरंच मारणार होते.

“आई,” दारातून कुणीतरी म्हणालं.

माझा आवाज बाहेरून कसा ऐकू येतो ते मला रेकॉर्डिंगमुळे माहीत आहे. तो होता.

“आगं बया, आलीस व्हय? चार दिस ऱ्हा म्हनलं तर दोन दिसांत परत! करमलं न्हाई वाटतं नवऱ्याबिगर. थांब, थांब तिथंच. तुकडा उतरवते.”

सासूबाईंची पावलं चुलीकडे गेली, परत आली. उंबऱ्याबाहेर दोन पाय उभे होते. तपकिरी चपला. डावीच्या अंगठ्याला निळा दोरा. चपला निघाल्या, आणि उजव्या घोट्यावर सायकलच्या चेनचा व्रण दिसला. मी माझा घोटा हातानं चाचपला. व्रण जागेवर होता.

मला तिचा चेहरा बघायचा होता. भीती होती, पण तिच्यापेक्षा हे मोठं होतं. मी वाकले, आणखी वाकले. दाराची वरची चौकट आड येत होती.

“नाव घे आदी,” सासूबाई म्हणाल्या. वाकल्यामुळे भाकरीचा तुकडा धरलेला त्यांचा हात मला आता दिसत होता, हवेत. “बोलले हुते ना? नाव घेतल्याबिगर उंबरा वलांडायचा न्हाई.”

माझं मन एकदम हलकं झालं. हाच ठसा. या घराला ठसा होता आणि तो मीच दिला होता, भर मांडवातून येऊन, सगळ्या भावकीसमोर. एका अक्षरानं जरी वेगळा निघाला तरी दारात अडकणार. मी श्वास धरून ऐकत राहिले.

“कराडच्या घाटावर कृष्णेला भेटते कोयना,” खालचा माझा आवाज म्हणाला. “जयराजरावांचं नाव घेते...”

आता.

“...त्यांच्यावाचून मन राहीना.”

चुकलीस! मी जवळजवळ ओरडलेच. इथं ते येत नाही! या घरात ते कधीच आलं नाही! मी सासूबाईंच्या हाताकडे बघितलं. हात हवेत थांबला होता.

मग त्या हसल्या. पोटभर हसल्या.

“आत्ता कसं! बया बया, म्हायेराला जाऊन पाठ करून आली की गं माझी पोर! शिकली शेवटी.” आणि तुकडा तिच्यावरून उतरवून त्यांनी लांब अंगणात फेकला.

कुठलंही नवीन व्हर्जन आलं, की आधीच्यातल्या चुका त्यात दुरुस्त झालेल्या असतात. त्यासाठीच तर माणसं ‘लेटेस्ट’ लावतात.

उजवा पाय उंबऱ्याच्या आत आला.

“आन् जोडवी गं? पायात जोडवी न्हाईत?”

“काढून ठेवलीत, आई. वर टेबलावर हायती.”

टिंग झालं. माझ्या हातातला फोन उजळला. पानावर चारच नावं होती. पाचवी ओळ गेली होती. ‘संयोगिता — आत्ताच आली.’

मी हळू बोलणारी बाई आहे. हाक मारायला तोंड उघडलं, पण कुठल्या नावानं सांगू की मी आहे, ते मला सुचेना. पुढचं काही येईना. मग मी उठले आणि सगळा भार देऊन त्या सुट्या फरशीवर पाय ठेवला.

खट्‌.

अख्ख्या घरात वाजली. खाली सगळं थांबलं.

“वर कोण हाय गं?” सासूबाईंनी विचारलं.

“कोण न्हाई, आई,” ती म्हणाली. “मांजार असंल.”

‘न्हाई’. इतक्या महिन्यांत मला ते एकदाही इतकं सहज म्हणता आलं नव्हतं.